मंगळवारची सुट्टी

“मॅडम, मला दर आठवड्याला सुट्टी मिळते, राहण्या-जेवणाचा खर्च नाही, लोक तर पैसे मोजून इथे मजा करायला येतात; मग मीच एवढा का थकतो?” समुपदेशनासाठी माझ्याकडे येऊन हा प्रश्न विचारणारा सव्वीस वर्षांचा तरुण मूळचा माण तालुक्यातला, आणि मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाच्या पट्ट्यातील एका थीम पार्क रिसॉर्टमध्ये राइड ऑपरेटर म्हणून तीन वर्षे काम करणारा होता. (त्याच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हॉटेल, रिसॉर्ट किंवा जहाजावर राहून नोकरी करणाऱ्या अनेकांकडून मी हाच प्रश्न थोड्याफार फरकाने ऐकला आहे, आणि बहुतेकांना तो विचारतानाही आपण कृतघ्न ठरू अशी भीती वाटत असते.

शनिवार-रविवारी गर्दी असल्यामुळे त्याची सुट्टी मंगळवारी असे. तो मंगळवार कसा जातो, हे मी त्याला तासातासाने सांगायला लावले. सकाळी उशिरा जाग येई ती पाळण्याच्या साखळीच्या खडखडाटाने आणि त्यामागोमाग येणाऱ्या किंकाळ्यांनी, कारण कर्मचाऱ्यांच्या खोल्या पार्कला लागूनच होत्या. खोलीतले इतर तिघे पाळीवर असत, शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश येत राहत, आणि महिन्यातून दोनदा तरी “एक जण कमी आहे, येतोस का?” असा फोन येई. दुपारी तो पार्कमध्येच चक्कर मारी. एकदा घरच्या कपड्यांत फिरत असतानाही एका बाईंनी त्याला लॉकर कुठे आहेत म्हणून विचारले, आणि तो नेहमीचे हसू चेहऱ्यावर आणून, हात पुढे करून, त्यांना तिथपर्यंत सोडून आला. “मी हसलो हे मला नंतर कळलं,” असे तो म्हणाला, आणि माझ्या मते त्याच्या साऱ्या थकव्याचे मूळ त्या एका वाक्यात होते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडताना अशा हसण्याला भावनिक श्रम म्हटले होते, म्हणजे पगारासाठी स्वतःच्या भावना आवरून समोरच्याला प्रसन्न वाटेल असा चेहरा ठेवण्याचे कष्ट. हे कष्ट अंगमेहनतीसारखे दिसत नाहीत, म्हणून घरच्यांना आणि करणाऱ्यालाही ते मोजता येत नाहीत. त्यातच झोप, काम आणि करमणूक एकाच आवारात, एकाच व्यवस्थेखाली होऊ लागली, की तो चेहरा उतरवायला जागाच उरत नाही.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. मी सुरुवातीला त्याला आठ दिवस गावी जाऊन येण्यास सुचवले. तो गेला, पहिले दोन दिवस झोपला, तिसऱ्या दिवशी तेथील शांतता त्याला असह्य झाली, आणि “जेवायला काय करू रे?” एवढेच विचारणाऱ्या आईवर तो खेकसला. परत येताना अपराधीपणा तेवढा वाढला होता. दिवसभर शेकडो अनोळखी माणसांशी गोड बोलणाऱ्याला घरी बोलण्याचीही शक्ती उरत नाही, आणि वर्षभराचा शीण एका दमात उतरवण्याचा प्रयत्न फसतो, हे मी आधीच ओळखायला हवे होते.

त्यानंतर आम्ही मागणी लहान केली. दर मंगळवारी किमान पाच तास फाटकाबाहेर, ग्रुप म्यूट करून, आणि जाण्याचे ठिकाण त्यानेच ठरवलेले. पहिल्या खेपेस तो शेअर रिक्षाने खोपोलीला गेला, केस कापून घेतले आणि परतला; त्याला ते फुकट गेल्यासारखे वाटले. पुढे महडच्या वरदविनायकापर्यंत जाणे, लोकलने कर्जतला जाऊन नुसते भटकणे, असे होत गेले. जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांच्या संशोधनातही कामापासून मनाने सुटणे हा विश्रांतीचा महत्त्वाचा घटक मानला आहे, आणि आवार सोडल्याशिवाय या मुलाला ते साधत नव्हते.

सुपरवायझरशी बोलण्याची त्याला सर्वांत जास्त धास्ती होती. रजा मागणे म्हणजे उपकार मागणे, असा त्याचा समज होता. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात साप्ताहिक सुट्टीबरोबरच वर्षाला आठ नैमित्तिक रजांची तरतूद आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. प्रत्यक्षात सुपरवायझरने एवढेच सांगितले की, मंगळवारी येणार नसशील तर रविवारीच कळव.

दिवाळीच्या गर्दीत मात्र सलग चार मंगळवार हुकले, झोप उडाली, आणि तो राजीनामा लिहूनच माझ्याकडे आला. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर केवळ सुट्टीवर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे, हे मी त्याला तेव्हा स्पष्ट सांगितले. तशी वेळ आली नाही. राजीनामा महिनाभर खिशात ठेवावा, असे आमचे ठरले.

फेब्रुवारीत, परीक्षांमुळे गर्दी ओसरली असताना, तो चार दिवस गावी जाऊन आला, आणि या वेळी आईशी भांडण झाले नाही. आता त्याने एका सहकाऱ्याबरोबर खोपोलीत खोली घेतली आहे. भाड्याचा बोजा पाहता मी तो सल्ला दिला नसता. पण निर्णय त्याचा होता. पुढची भेट त्याने बुधवारी, दुपारच्या पाळीआधी मागितली; मंगळवार मोकळा ठेवायचा आहे, असे म्हणाला.