वीज गेली आणि पोर्ट पुन्हा व्हीलॅन 1 मध्ये

प्रश्न : कामावरचा 24 पोर्टांचा सिस्को कॅटलिस्ट नेटवर्क स्विच आता माझ्याकडे आहे. कन्सोल केबल (स्विचला थेट लॅपटॉप जोडणारी) लावून व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क, 20 आणि 30 तयार केले, पोर्ट वाटून दिले. तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. मग वीज जाऊन आली आणि सगळे पोर्ट पुन्हा व्हीलॅन 1 मध्ये! 20 आणि 30 मात्र यादीत दिसतात. स्विच बिघडलाय का? यापुढे एसएसएचने (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन करून) लांबून काम करायचंय, त्याचीही धास्ती वाटते.

उत्तर : स्विच ठणठणीत आहे. सेव्ह करायचं राहिलं, एवढंच.

कमांड लाइनवर एंटर दाबला की बदल त्याच क्षणी लागू होतो, म्हणून काम पुरं झालं असं वाटतं. पण तो जातो रनिंग कॉन्फिगमध्ये, म्हणजे आत्ता चालू असलेल्या सेटिंग्जमध्ये, आणि ते रॅममध्ये असतं. वीज गेली की पुसलं जातं. स्विच पुन्हा उठतो तो वीज गेली तरी टिकणाऱ्या एनव्हीरॅममधलं स्टार्टअप कॉन्फिग वाचून, आणि तुमचं पोर्टवाटप तिथवर पोचलंच नव्हतं. मग व्हीलॅन कसे वाचले? व्हीटीपी (स्विचांमध्ये व्हीलॅनची यादी वाटणारी पद्धत) सर्व्हर मोडमध्ये असताना 1 ते 1005 क्रमांकांचे व्हीलॅन फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. म्हणून तुम्हाला हे अर्धवट चित्र दिसलं.

पोर्ट पुन्हा वाटा; ‘इंटरफेस रेंज’ वापरलंत तर एकेक करत बसावं लागणार नाही. ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ बघून खात्री करा आणि मगच ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ देऊन सेव्ह करा.

आता धास्तीबद्दल. ती असू द्या, योग्यच आहे. एकदा मला लांबून एका ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन 30 वाढवायचा होता. मी लिहिलं, ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 30’. ‘व्हीलॅन’नंतर ‘ॲड’ हवा होता. तो नसला की अर्थ होतो ‘फक्त 30’. ज्या व्हीलॅनवरून मी स्विचशी बोलत होते तोच तुटला, आणि त्या ट्रंकपलीकडच्या सगळ्यांचं काम थांबलं. ते आजही मनाला लागतं. सुटका झाली ती मी सेव्ह केलं नव्हतं म्हणून. स्विचजवळच्या सहकाऱ्याला फोन केला, त्याने तो बंद करून चालू केला आणि जुनं कॉन्फिग परत आलं. तुम्हाला जे नडलं त्यानेच मला तारलं.

तेव्हापासून लांबून काही बदलण्याआधी मी ‘रीलोड इन 10’ देते. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. सेव्ह करू का असं विचारलं तर ‘नो’ म्हणा, नाहीतर सगळा उपयोगच गेला. काम नीट झालं की आधी ‘रीलोड कॅन्सल’, मग सेव्ह. रीस्टार्ट होताना काही मिनिटं सगळेच पोर्ट बंद असतात, तेव्हा गर्दीची वेळ टाळा.

एसएसएचसाठी स्विचला आयपी आणि डीफॉल्ट गेटवे द्या, होस्टनेम आणि डोमेन नाव ठरवा, एन्क्रिप्शनसाठी 2048 बिटांची आरएसए की बनवा, युजर तयार करा, व्हीटीवाय लाइनवर (लांबून लॉगिन होण्याच्या वाटेवर) ‘लॉगिन लोकल’ आणि ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’. टेलनेट ठेवू नका, त्यात पासवर्ड उघडा जातो. कन्सोल केबल मात्र रॅकमध्येच राहू द्या, आणि तिच्यावर चिठ्ठी : वेग 9600, डेटा बिट 8, पॅरिटी नाही, स्टॉप बिट 1.