लिंकची शेपटी: वाचकांचे प्रश्न

वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, निवडण्यावर गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच वाचकांनी विचारलं, नाव ठरलं, पण स्लॅशच्या पुढे काय लिहायचं? जाणकार त्या भागाला स्लग म्हणतात. मी शेपटी म्हणते.

माझी परीक्षा एकच. नवी लिंक पक्की करण्याआधी मी ती मावशीला फोनवर सांगते. ती एका बोटाने टाइप करते आणि ‘परत सांग’ म्हणायला अजिबात संकोचत नाही. तिने परत विचारलं की ती शेपटी बाद. आता तुमची पत्रं.

मी वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या साधनावर कुंडीतल्या झाडांविषयी लिहिते. ‘कुंडीतल्या गुलाबाची छाटणी कधी करावी’ हा लेख मैत्रिणींना पाठवला, तर लिंकमध्ये टक्क्यांच्या चिन्हांची नुसती रांग! शिवाय ब्राउझरमध्ये पत्ता ‘छाटण’वरच तुटतो. स्लग मराठीत ठेवू की नको? — एक बागप्रेमी वाचक

ताई, दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. वेबपत्त्यात रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं एवढंच थेट चालतं. बाकी कुठलीही लिपी टक्क्याच्या खुणांमध्ये बांधून पाठवावी लागते. ब्राउझर वरच्या पट्टीत ते पुन्हा देवनागरी करून दाखवतो, पण लिंक कॉपी केली की बहुतेक वेळा आतलं खरं रूप बाहेर येतं.

आता हिशोब बघा. संगणकात अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. प्रत्येक बाइट पत्त्यात ३ वर्णांनी लिहिला जातो, एक टक्का आणि त्यामागे दोन खुणा. म्हणजे एका चिन्हाला ९ वर्ण. चिन्हं मोजताना काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरात दडलेला पायमोडका सगळे वेगळे धरायचे. ‘कुंडीतल्या’ची १० चिन्हं होतात, त्यांचे ९० वर्ण. ‘गुलाबाची’ची ८, त्यांचे ७२. मधल्या दोन हायफनचे २. झाले १६४. वर्डप्रेस स्लगला २०० वर्णांपलीकडे जाऊ देत नाही. उरलेल्या ३६ मध्ये छ, काना, ट आणि ण बसले, शेवटची वेलांटी बाहेर राहिली. म्हणून ‘छाटण’. ‘कधी करावी’ची तर पाळीच आली नाही.

तरीही देवनागरी स्लग वाईट नाही. गूगलही वाचकांच्या भाषेतले शब्द पत्त्यात वापरायला सांगतं. शोधातून येणारा माणूस पत्ता टाइप करत नाही, तो वाचून टिचकी मारतो. तुमचे वाचक असे येत असतील तर मराठीच ठेवा, फक्त शीर्षकावरून आपोआप बनलेला स्लग पुसून हाताने छोटा लिहा. ‘गुलाब-छाटणी’ला ९१ वर्ण पुरतात.

पण लिंक मेसेजमधून आणि तोंडी फिरणार असेल तर रोमन बरी. इथे खरी पंचाईत सुरू होते, कारण रोमनमध्ये मराठी लिहायची एकच रीत कुणी पाळत नाही. ‘व्यायाम’ व्ही-ने सुरू करायचा की डब्ल्यू-ने? ‘फुले’ला एफ की पी-एच? ‘ज्ञान’ कुणी डी-एन-वाय लिहितं, कुणी जी-वाय, कुणी जे-एन. तुमची ‘बाग’ एका ए-ने लिहिली तर लोक ती बॅग वाचतील. म्हणून मी असे शब्द शोधते ज्यांचं स्पेलिंग फारसं हलत नाही: कविता, पुस्तक, मदत. इंग्रजी शब्दांची स्पेलिंग पक्की असतात हे खरं, पण छाटणीला ‘प्रूनिंग’ म्हणतात हे ठाऊक असलेले तुमचे किती वाचक? मी नुसतं ‘गुलाब’ ठेवीन. त्यातला ए एकदा की दोनदा हा घोळ उरतोच, तेव्हा दोन ए-वाला पत्ताही त्याच लेखाकडे वळवून ठेवीन. स्लगने अख्खं शीर्षक सांगायची गरज नसते. शीर्षक पानावर आहेच.

आमच्या संस्थेचं वार्षिक संमेलन असतं. स्लगमध्ये साल घालावं का?

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये ‘चांगले पत्ते बदलत नाहीत’ अशा आशयाचं एक टिपण लिहिलं. लेखकाचं नाव, विषय, ‘मसुदा’ किंवा ‘अंतिम’ असा दर्जा, फाइलचा प्रकार हे सगळं पत्त्याबाहेर ठेवा, कारण हे बदलतं, असं त्यात आहे. तारखेवर मात्र त्यांची माया आहे. पान कधी तयार झालं ते कधीच बदलत नाही, म्हणून ती चालते.

विषयाबाबत मी त्यांचं ऐकत नाही. विषय काढला तर फोनवर सांगायला काय उरलं? तारखेचं म्हणणं मला अर्धं पटतं. इतिवृत्त, निकाल, त्या त्या वर्षीचे फोटो यांना साल हवंच. पण ‘संमेलन’ हे चालू पान असेल तर त्याला साल लावू नका. दरवर्षी तेच पान ताजं करा आणि मागच्या वर्षीचा मजकूर ‘संमेलन-२०२४’सारख्या वेगळ्या पत्त्यावर हलवा. नाहीतर तुमच्या माहितीपत्रकावरची लिंक पुढच्या वर्षी लोकांना झालेल्या कार्यक्रमाला घेऊन जाईल. आणि ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘अंतिम-२’ हे शब्द फाइलच्या नावात आधीच पुष्कळ नांदतात, ते पत्त्यात आणू नका.

स्लग सुधारले आणि जुन्या लिंक मेल्या. आता?

जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं रीडायरेक्ट लावा. त्याचा क्रमांक ३०१. वर्डप्रेसमध्ये एक मेख आहे. प्रसिद्ध झालेल्या ‘पोस्ट’चा स्लग बदलला तर जुना स्लग ते स्वतः लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्या जागी नेतं. ‘पेज’साठी मात्र ही नोंद ठेवत नाही. आपल्याविषयी, संपर्क, प्रवेश अशी महत्त्वाची पानं नेमकी ‘पेज’ असतात, त्यांची सोय तुम्हालाच करावी लागेल.

तीनदा स्लग बदलला असेल तर तिन्ही जुने पत्ते थेट शेवटच्याकडे वळवा, एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी फरपट नको. सुटलेला स्लग वेगळ्या विषयाला पुन्हा वापरू नका. पान सापडलं नाही तर वाचक निदान शोधायला लागतो. भलतंच पान उघडलं तर तो तेच खरं मानून बसतो. आणि हेही सांगते, नीट चालणारे जुने स्लग केवळ कुरूप दिसतात म्हणून बदलायला जाऊ नका.

छापील पत्रकावर लिंक द्यायची आहे. लिंक छोटी करून देणाऱ्या सेवा वापराव्यात का, की क्यूआर कोड पुरे?

क्यूआर द्या, पण खाली वाचता येणारा पत्ताही छापा. ज्याच्या हातात पत्रक आहे तो ते दुसऱ्याला फोनवर वाचून दाखवणार, आणि चौकटी वाचून दाखवता येत नाहीत.

छोट्या पत्त्याचा क्यूआरलाही फायदा होतो. सर्वांत कमी दुरुस्ती-पातळी (कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) धरली तर ३२ वर्णांपर्यंतचा पत्ता २५ × २५ चौकटींत बसतो. देवनागरी स्लगसह पत्ता सव्वादोनशे वर्णांवर गेला की ५३ × ५३ लागतात. तेवढ्याच जागेत चौकटी बारीक होतात आणि साधा कॅमेरा चाचपडतो.

छोट्या लिंकची सेवा आपोआप देते तो कोड छापू नका. मोठी-लहान रोमन अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं होतात. सहा जागांत त्यांच्या ५,६८० कोटी जोडण्या बनतात, त्यामुळे सेवेचं भागतं, पण कागदावर शून्य आणि ओ, कॅपिटल आय आणि स्मॉल एल सारखेच दिसतात. बिटलीसारख्या सेवा शेवटचा शब्द स्वतः निवडू देतात. तो निवडा, सगळा स्मॉल लिपीत.

माझं मन विचाराल तर स्वतःच्या डोमेनवर छोटा स्लग करून तोच वळवणं उत्तम. गूगलसारख्या कंपनीनेही लिंक छोटी करण्याची आपली सेवा गुंडाळायला घेतली आणि मार्च २०१९ पासून तिथे नव्या लिंक बनवणं बंद झालं. छापलेलं पत्रक परत बोलावता येत नाही.

हायफन की अंडरस्कोर?

हायफन. लिंकखाली रेघ आली की अंडरस्कोर तिच्यात बुडून जातो, आणि गूगलचा सल्लाही हायफनचाच आहे. मावशीला ‘मधे आडवी रेघ’ सांगितलं की ती हायफनच दाबते.

कॅपिटल अक्षरांनी फरक पडतो का?

डोमेनमध्ये नाही. स्लॅशच्या पुढे पडू शकतो, ते सर्व्हरवर अवलंबून आहे. सगळं स्मॉल ठेवा.

काही कौटुंबिक फोटो फक्त नातेवाइकांसाठी आहेत. कुणाला सुचणारच नाही असा विचित्र स्लग दिला तर ते पान सुरक्षित राहील ना?

नाही राहणार. लिंक फॉरवर्ड होते, सगळ्यांच्या हाती असलेल्या संगणकाच्या हिस्टरीत उरते, सर्व्हरच्या नोंदीत लिहिली जाते. साइटच्या नकाशा-फाइलमध्ये, म्हणजे शोधयंत्रांसाठी ठेवलेल्या पानांच्या यादीत, ते पान गेलं तर शोधयंत्रालाही सापडतं. स्लगमध्ये मुलांची नावं आणि जन्मतारखा घातल्या असतील तर पान न उघडताही त्या दिसतात, त्या आजच काढा. वर्डप्रेसमध्ये एका पानापुरता पासवर्ड लावता येतो. तो लावा, आणि लिंक ज्या मेसेजमध्ये पाठवाल त्यातच पासवर्ड लिहू नका, फोन करून सांगा.