महाराजांच्या मुद्रेचा कागद ट्रंकेत आहे, जमीन परत मिळेल का?

प्रश्न : मावळातल्या आमच्या वाड्यात आजोबांच्या ट्रंकेत एक मोडी कागद सापडला. वर शिवाजी महाराजांची मुद्रा आहे आणि घराण्याला पाटीलकी दिल्याचा मजकूर आहे. आजोबा 1974 साली मृत्युपत्र न करता वारले. कागद थोरल्या काकांकडे आहे. चुलतभाऊ तो लंडनला लिलावात लावतो म्हणतो. धाकटे काका त्याच्या जोरावर वतनाची जमीन मागायला निघालेत. दोन आत्यांना कोणी विचारतच नाही. आम्ही काय करावं?

उत्तर : आधी धाकट्या काकांना थांबवा. कोर्टकचेरीत सगळ्यात जास्त पैसा त्यांच्याच वाटेने बुडेल. पाटीलकीची वतनं 1 जानेवारी 1963 पासून कायद्याने संपली. जमिनी सरकारजमा झाल्या आणि नजराणा भरणाऱ्या वतनदारांना नव्याने देण्यात आल्या. तुमच्या घराण्याने तो भरला होता का, हे तहसीलच्या रेकॉर्ड रूममधल्या जुन्या फेरफारांत आणि कडईपत्रकात (जमिनीच्या जुन्या नोंदींच्या कागदात) बघा. त्या नकला हाती आल्याशिवाय वकिलाला एक रुपयाही देऊ नका. हे मी वकील असूनच सांगतोय!

आता कागद खरा आहे का ते पाहू. महाराजांची पत्रं बहुतेक कारकुनाच्या हातची असतात, त्यामुळे ‘महाराजांचं हस्ताक्षर’ असा दावा कुठेही लिहून देऊ नका. 28 जानेवारी 1646 चं रांझे गावचं प्रसिद्ध पत्र मुद्रा असलेल्या अगदी सुरुवातीच्या पत्रांत मोडतं. तेही पाटीलकीचंच आहे : बदअमल म्हणजे गैरवर्तन केल्याबद्दल बाबाजी गुजराला शिक्षा झाली आणि वतन भाऊबंदांतल्या सोनजीकडे गेलं. त्या काळच्या पत्रांत सुहूर सन (अरबी वळणाची कालगणना) असतो. तुमच्या कागदावर 1674 च्या आधीची तारीख असून मजकुरात ‘राज्याभिषेक शक’ किंवा ‘छत्रपती’ आलं असेल, तर तो कोणीतरी मागाहून तयार केलेला समजा. वतनाच्या भांडणांपायी असे कागद पूर्वीही भरपूर बनवले गेले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या जाणकाराकडून वाचून घ्या. इंग्रजांच्या काळात इनाम-वतनांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनपुढे घराण्याने काही कागद दाखल केले होते का, याचा शोध पुणे पुराभिलेखागारात घ्या.

तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला, तर तो ज्याचा म्हणवला जातो त्याचाच आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम 92). म्हणून तो ट्रंकेतून काढताना पंचांसमक्ष फोटो आणि पंचनामा करा. लॅमिनेशन तर अजिबात नको. लोक हौसेने करतात आणि कागदाची वाट लावतात.

लंडनचा विषय तर संपलाच. 75 वर्षांहून जुनं ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, शिवाय दंड. सुटकेसमध्ये कपड्यांच्या घडीत घालून न्यायचा विचार असेल, तर जप्तीही होऊ शकते हे त्याला सांगा. कागद चित्रांशिवाय नुसत्या मजकुराचा असेल, तर नोंदणी सहसा सक्तीची नसते, तरी पुरावस्तू नोंदणी अधिकाऱ्याकडून हे लेखी घ्या.

मालकी मात्र सगळ्यांची आहे. ट्रंक थोरल्या काकांच्या खोलीत असल्याने कागद त्यांचा होत नाही. आजोबा 1956 चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतर वारले, म्हणजे दोन्ही आत्या वारस आहेतच. त्यांच्या सहीशिवाय झालेला व्यवहार त्यांचा हिस्सा बांधत नाही. कागद फाडून वाटता येत नाही, तेव्हा सगळ्यांच्या सहीचं कुटुंब व्यवस्थापत्र करा : कागद एखाद्या संस्थेत ठेव म्हणून द्यायचा, दान म्हणून नाही, आणि प्रत्येकाला रंगीत प्रत मिळेल.

कोणी आडमुठेपणा केलाच, तर वाटपाचा दावा आणि तात्पुरता मनाई हुकूम हा मार्ग आहे. त्याआधी चुलतभावाला नोटीस मात्र या आठवड्यातच पाठवा, नोंदणीसह स्पीड पोस्टाने. पोचपावती जपून ठेवा.