सर्व्हरला नावाने हाक मारायची तर...

हळदीचं अडत दुकान आहे, मार्केट यार्ड, सांगली. सहा कॉम्प्युटर, एक सर्व्हर. लाइट जाऊन आली की सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलतो आणि नेमक्या शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या करायच्या वेळी सगळे अडकतात. नाव दिलं तर सुटेल?

नाव नंतर, आधी पत्ता पक्का करा. राउटरच्या डीएचसीपीत (पत्ते वाटणारी सोय) सर्व्हरच्या मॅक अॅड्रेसवर (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) एक आयपी राखून ठेवा. सहाच मशीन असतील तर वेगळा डीएनएस सर्व्हर (नावावरून आयपी सांगणारा) मांडायची गरज नाही. प्रत्येकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (मशीनची स्वतःची नाव-पत्त्यांची यादी) आयपी आणि नाव अशी एक ओळ पुरते. नोटपॅड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर फाइल सेव्ह होत नाही.

विश्रामबागेत सीए ऑफिस. लिनक्सवर डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर बसवला. पीसींना पहिला डीएनएस आमचा, दुसरा गूगलचा ८.८.८.८ दिलाय. तरी मधूनच फाइल सर्व्हर ‘सापडत नाही’.

काढा ते ८.८.८.८. दुसरा डीएनएस म्हणजे पहिला पडल्यावरच कामाला येणारा बदली गडी, असा सार्वत्रिक समज आहे. पहिल्याने उत्तराला जरा उशीर केला, तरी विंडोज दुसऱ्याकडे जातं. गूगलला तुमच्या ऑफिसातली नावं कुठून माहीत? तो सांगतो, ‘असं नावच नाही’. विंडोजच्या लेखी हे पक्कं उत्तर. पहिल्याला पुन्हा विचारायचं नाही, उलट तो नकार काही वेळ लक्षातही ठेवायचा. एनएसलुकअप या कमांडमध्ये नावापुढे आधी तुमच्या डीएनएसचा पत्ता द्या, मग ८.८.८.८ द्या, दोन उत्तरांतला फरक समोरच दिसेल.

पीसींना फक्त आतला डीएनएस द्या. बाहेरची नावं तोच पुढे विचारून आणेल. तो बंद पडायची धास्ती असेल तर जुन्या मशीनवर त्याच नोंदींचा दुसरा उभा करा. बदल केल्यावर फ्लशडीएनएस (विंडोजने लक्षात ठेवलेली उत्तरं पुसणारी कमांड) विसरू नका. एखादाच लॅपटॉप किंवा मोबाइल हट्ट धरून बसला, तर त्याच्या ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’ किंवा अँड्रॉइडमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ पाहा. त्यात बाहेरचा डीएनएस नेमलेला असला की तुमच्या सर्व्हरला कुणी विचारतच नाही.

नावांना शेवटी ‘डॉट लोकल’ लावू? (पॅथॉलॉजी लॅब, मिरज)

नको. ते एमडीएनएससाठी (डीएनएस सर्व्हरशिवाय आपसांत नावं शोधायची पद्धत) राखीव आहे. प्रिंटर वगैरे त्याच वाटेने एकमेकांना शोधतात. ‘डॉट इंटर्नल’ घ्या, इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या आयकॅन संस्थेने २०२४ मध्ये ते खासगी वापरासाठी राखून ठेवलंय. स्वतःचं डोमेन असेल तर त्याचंच सबडोमेन उत्तम.

ब्राउझरमध्ये सर्व्हरचं नुसतं नाव टाकलं की गूगल सर्च उघडतं. (बेदाणा कोल्ड स्टोरेज, तासगाव)

नावाच्या शेवटी तिरकी रेघ (/) द्या.