बाहेर पडायचे, पण कुठे?

‘देशाने राजकीय आणि व्यापारी संघातून बाहेर पडावे का?’ हा विषय वादविवाद स्पर्धेच्या यादीत आला की युरोपीय संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटनचे उदाहरण ठरलेलेच. या विषयावर सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. लांबलचक पत्रांतला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मला ‘बाहेर पडावे’ या बाजूने बोलायचे आहे. पण जो तो म्हणतो, ब्रिटनचे वाटोळे झाले. मग मी बोलू तरी काय? — एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : वाटोळे झालेले नाही, सोनेही झालेले नाही. आधी विषयाची फोड करा, कारण ‘संघ’ ही एकच वस्तू नाही. त्याच्या पायऱ्या आहेत. मुक्त व्यापार क्षेत्रात आपसात जकात नसते, पण बाहेरच्या मालावर प्रत्येक देश आपापली जकात लावतो. सीमाशुल्क संघात बाहेरच्या मालावरची जकातही सगळ्यांची एकच असते. एकल बाजारपेठेत मालाचे नियम सारखे होतात आणि माल, सेवा, भांडवल, माणसे या चारही गोष्टी मोकळ्या फिरतात. त्याच्या वर राजकीय मजला : सामाईक संसद, सामाईक न्यायालय, सदस्य देशांच्या कायद्यावर मात करणारा कायदा.

यातली एक पायरी सोडून दुसरीवर उभे राहता येते. नॉर्वे एकल बाजारपेठेत आहे, सीमाशुल्क संघात नाही. तुर्कस्तान १९९५ च्या अखेरीपासून कारखानी मालापुरता सीमाशुल्क संघात आहे, पण एकल बाजारपेठेत नाही. म्हणजे ‘बाहेर’ या शब्दामागे तीन-चार निरनिराळी ठिकाणे आहेत. ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ ला झालेल्या जनमत कौलाच्या मतपत्रिकेवर मात्र दोनच पर्याय होते : राहावे किंवा सोडावे. सोडून जायचे कुठे, हे विचारलेच नव्हते. ५१.९ टक्क्यांनी ‘सोडावे’ म्हटले, आणि त्यातल्या कोणाला नॉर्वेसारखे हवे होते, कोणाला काहीच नाते नको होते. १५ जानेवारी २०१९ ला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला तो यामुळेच. राहू इच्छिणारे विरोधात गेले आणि कट्टर सोडणारेही गेले. तेव्हा आपण कोणत्या पायरीवर थांबणार, हे पहिल्याच मिनिटात सांगून टाका. नाही सांगितले तर प्रतिपक्षाच्या पहिल्या प्रश्नालाच तुम्ही अडकाल.

तुमचा भक्कम मुद्दा सार्वभौमत्वाचा, आणि तो नेमका मांडता येतो. सदस्य असताना ब्रिटनला स्वतंत्र व्यापार करार करता येत नव्हते, ते काम ब्रुसेल्सचे, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाचे. बाहेर पडल्यावर १५ डिसेंबर २०२४ ला तो प्रशांत महासागर परिसरातील देशांच्या व्यापार करारात शिरला आणि २४ जुलै २०२५ ला भारताशी करारावर सह्या झाल्या. यावर प्रतिपक्ष आकडे काढणार, तयारीत राहा. भारताबरोबरच्या करारामुळे दूरच्या पल्ल्यात वर्षाला ४.८ अब्ज पौंडांची भर पडेल, असा ब्रिटिश सरकारचाच अंदाज आहे. उलट बाहेर पडल्यामुळे उत्पादकता दूरच्या पल्ल्यात ४ टक्क्यांनी कमी राहील, असे तिथले स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालय धरते, आणि ते नुकसान शंभर अब्जांच्या पुढे जाते. पैशाच्या मैदानात तुम्ही हरणार. म्हणून वाद तिथे नेऊच नका. ‘स्वतःचे कायदे स्वतः करण्याची काही किंमत असते, आणि ती मोजायला आम्ही तयार आहोत’ असे सरळ म्हणा. परीक्षकांना हा प्रामाणिकपणा ओळखता येतो.

दोन मुद्दे चुकूनही उचलू नका. एक, ‘सोडावे’ बाजूच्या प्रचारबसवर रंगवलेला, युरोपीय संघाला ‘आठवड्याला ३५ कोटी पौंड’ जातात हा आकडा. ती ढोबळ रक्कम होती. ब्रिटनला मिळणारी सूट आधीच वजा होई, प्रत्यक्षात साधारण २५ ते २८ कोटी जात आणि त्यातलेही काही शेतकऱ्यांच्या व मागास भागांच्या अनुदानातून परत येत. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणानेच त्या आकड्याला दिशाभूल करणारा म्हटले होते. दुसरा मुद्दा कोविड लशीचा, म्हणजे बाहेर पडल्यामुळेच ती लवकर मिळाली हा. ब्रिटनने २ डिसेंबर २०२० ला लशीला मंजुरी दिली तेव्हा बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ चालू होता, युरोपीय कायदाच लागू होता, आणि त्याच कायद्यातल्या तातडीच्या तरतुदीखाली ती मंजुरी दिली गेली.

प्रतिपक्षाची भोकेही आहेत. मे २०१६ मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने भाकीत केले होते की नुसता ‘सोडावे’ कौल आला तरी वर्षभर मंदी येईल आणि सुमारे पाच लाख बेकार वाढतील. तसे झाले नाही. स्थलांतराचा मुद्दा मात्र दोन्ही बाजूंना कापतो. युरोपीयांची मुक्त ये-जा १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली, आणि त्यानंतर निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) वर्षाला ९ लाखांच्या वर गेले, त्यात भारतातून गेलेले विद्यार्थी आणि आरोग्य कर्मचारी मोठ्या संख्येने. ताबा मिळाला, पण संख्या लगेच घटली नाही.

प्रश्न : एवढा मोठा निर्णय निम्म्याहून जरा जास्त मतांवर कसा काय घेतला? — एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : कारण कायद्यात किमान मतांचा उंबरठाच ठेवला नव्हता. ‘सोडावे’ १.७४ कोटी विरुद्ध ‘राहावे’ १.६१ कोटी, फरक पावणेतेरा लाखांच्या आसपास, मतदान ७२.२ टक्के. कायद्याच्या भाषेत तो कौल सल्ल्यापुरता होता. बंधन होते ते राजकीय, कारण निकाल अमलात आणू असे सरकारने घरोघरी पाठवलेल्या पत्रकात लिहून दिले होते. (त्या पत्रकावर सरकारी तिजोरीतून ९३ लाख पौंड खर्चले आणि ते ‘राहावे’ बाजूचे होते, यावरून मोठी बोंब झाली.)

उंबरठा ठेवला की भानगडी संपतात असेही नाही. १९७९ साली स्कॉटलंडच्या विधिमंडळासाठी कौल घेतला, तेव्हा एकूण मतदारांच्या ४० टक्के ‘हो’ हवेत अशी अट होती. पडलेल्या मतांत ‘हो’ ५१.६ टक्के आले, पण एकूण मतदारांत ते ३२.९ टक्केच भरले, आणि कौल रद्द. घरी बसलेला मतदार ‘नाही’त धरला गेला याची चीड तिथे पुढे वर्षानुवर्षे राहिली. २००६ साली माँटेनेग्रोत अट वेगळी होती, पडलेल्या मतांच्या ५५ टक्के. ‘हो’ ५५.५ टक्के आले. अर्धा टक्का सुटला म्हणून देश स्वतंत्र झाला. आमचे मत विचाराल तर उंबरठ्यापेक्षा दोन टप्प्यांचा कौल बरा : आधी तत्त्वावर मत, मग वाटाघाटी करून हातात आलेल्या कराराच्या मसुद्यावर दुसरे मत.

प्रश्न : आमच्या कास्टिंगचा एक कंटेनर नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला जायचा, तिथून निम्मा माल इंग्लंडच्या पार्टीला. आता ते जमत नाही म्हणतात. नेमके अडते कुठे? — एक कारखानदार, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : अडते ते ‘एकदा जकात भरली की माल सगळीकडे मोकळा’ या नियमात. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत रॉटरडॅमला क्लिअर झालेला माल इंग्लंडला नेणे म्हणजे हुबळीहून कोल्हापूरला नेण्यासारखेच होते. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन आणि युरोपीय संघ ही दोन स्वतंत्र सीमाशुल्क क्षेत्रे झाली. दोघांत शून्य जकातीचा करार आहे खरा, पण तो दोघांपैकी कुठेतरी बनलेल्या मालापुरता. तुमचे कास्टिंग भारतीय. रॉटरडॅमला जकात भरून सोडवले आणि न बदलता पुढे पाठवले, तर ते उत्पत्तीच्या नियमात बसत नाही आणि इंग्लंडमध्ये जकात नव्याने लागू होते. दोनदा जकात भरण्याचे प्रकार होतात ते बहुतेक इथेच.

वाटा तीन. पहिली आणि सोपी : न्हावा शेवालाच माल वेगळा करा. दोन इन्व्हॉइस, दोन शिपिंग बिले, दोन बिल ऑफ लेडिंग (जहाजाच्या मालपावत्या). एक थेट इंग्लंडच्या बंदरात, एक रॉटरडॅमला. पूर्ण कंटेनर भरत नसेल तर एलसीएलचा (इतरांच्या मालाबरोबर वाटून घेतलेल्या कंटेनरचा) खर्च वाढेल, तो दरात आधीच धरा. दुसरी : रॉटरडॅमला जकात न भरता ट्रान्झिटच्या कागदावर, म्हणजे टी-१ वर, माल पुढे न्यायचा. ब्रिटन सामाईक ट्रान्झिट कराराचा सदस्य आहे, त्यामुळे हे चालते. पण हमी लागते आणि ठरलेल्या मुदतीत ट्रान्झिट बंद झाले नाही तर जकात हमीदाराच्या गळ्यात पडते. तिसरी : युरोपातल्या बॉण्डेड (जकात न भरता माल ठेवता येणाऱ्या) गोदामात ठेवून ऑर्डरप्रमाणे सोडवायचा. नियमित उलाढाल असेल तरच परवडते.

सौदा ठरवताना डीडीपी लिहिलेले आहे का ते पाहा. असेल तर तिकडची जकात आणि आयातीवरचा व्हॅट भरायची जबाबदारी तुमची. ब्रिटनचा व्हॅट २० टक्के आहे, छोट्या युनिटचे खेळते भांडवल तिथेच गुंतते. शक्य तिथे डीएपी (माल तुम्ही पोचवायचा, जकात-कर घेणाऱ्याने भरायचे) करा आणि पार्टीकडे जीबीने सुरू होणारा ईओआरआय, म्हणजे सीमाशुल्क नोंदणी क्रमांक आहे याची खात्री माल निघण्याआधी करून घ्या. तो नसला तर माल बंदरात पडून राहतो आणि डेमरेज चढते.

हायड्रॉलिक मशीन पाठवणाऱ्यांनी सीई या युरोपीय सुरक्षा चिन्हाची फार धास्ती घेऊ नये. ब्रिटनने आधी स्वतःचे यूकेसीए चिन्ह सक्तीचे करायचे ठरवले होते, पण ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक यंत्रांसाठी सीई चिन्ह बेमुदत चालेल असे जाहीर केले. भारत-ब्रिटन कराराची सवलत घ्यायची झाली तर मालाच्या एचएस कोडप्रमाणे (आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकाप्रमाणे) दर, सवलत लागू झाल्याची तारीख आणि उत्पत्तीचा (माल भारतातच बनल्याचा) पुरावा या तीन गोष्टी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) पोर्टलवर पाहूनच भाव द्या. पुरावा जोडला नाही तर सवलत मिळत नाही, करार असो वा नसो.

प्रश्न : शिनोळीहून बेळगावला आम्ही रोज ये-जा करतो, राज्य बदलल्याचे ट्रकवाल्यालाही कळत नाही. मग आयर्लंडच्या सीमेवर एवढा घोळ का झाला? — एक वाचक, चंदगड रस्ता

उत्तर : कारण तुमच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना करप्रणाली एक आहे. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागते, ते मोबाइलवर निघते. युरोपीय संघातले स्वतंत्र आयर्लंड आणि ब्रिटनचे उत्तर आयर्लंड यांच्यातली सुमारे ५०० किलोमीटरची सीमाही तशीच मोकळी होती, आणि तिथला हिंसाचार थांबवणाऱ्या १० एप्रिल १९९८ च्या शांतता करारानंतर तिथल्या लष्करी चौक्याही गेल्या. ब्रिटनने एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ दोन्ही सोडले, तेव्हा तपासणी कुठेतरी करणे भागच होते. जमिनीवर केली तर शांततेला धोका, म्हणून ती समुद्रावर नेली. उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपीय नियमांखाली राहिले आणि ब्रिटनच्याच एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या मालाला कागद लागू लागले. त्यावरून उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, बेलफास्टमध्ये राजकारण पेटले. २७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर समझोत्याने दोन मार्ग केले. माल उत्तर आयर्लंडमध्येच विकायचा असेल तर हिरवा, पुढे स्वतंत्र आयर्लंडमध्ये जाण्याची शक्यता असेल तर लाल. हिरव्या मार्गाच्या खाद्यपदार्थांवर ‘युरोपीय संघासाठी नाही’ असा शिक्का येऊ लागला.

प्रश्न : ब्रिटनसारखा कौल घेऊन आपला सीमाप्रश्न सुटणार नाही का? आणि ब्रिटनआधी कोणी बाहेर पडले होते का? — दोन वाचक, बेळगाव व चिकोडी

उत्तर : पहिल्या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे म्हणजे संघ सोडणे नव्हे. भारतीय संविधानात संघ सोडण्याची तरतूदच नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याची आहे, अनुच्छेद ३ मध्ये. राष्ट्रपतींच्या शिफारशीने संसदेत विधेयक येते, संबंधित विधिमंडळांचे मत मागवले जाते, ते संसदेवर बंधनकारक नसते. जनमत कौलाचा त्यात उल्लेख नाही. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल अंतिम मानावा ही कर्नाटकाची भूमिका, तो मान्य नाही ही महाराष्ट्राची, आणि महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

कौल झाला तो आपल्या शेजारी गोव्यात, १६ जानेवारी १९६७ ला, आणि त्यासाठी संसदेने खास कायदा केला होता. महाराष्ट्रात विलीनीकरण (चिन्ह फूल) की केंद्रशासित प्रदेश (चिन्ह दोन पाने). मते अनुक्रमे १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१. फरक ३४,०२१. मतदान निष्पक्ष व्हावे म्हणून तेव्हाचे मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला होता. वादविवादासाठी ब्रिटनपेक्षा हे उदाहरण कितीतरी उजवे आहे, कारण दोन्ही चिन्हांमागे जायचे ठिकाण स्पष्ट लिहिलेले होते.

दुसरा प्रश्न : हो, ग्रीनलंड. डेन्मार्कबरोबर १९७३ मध्ये आत गेले, स्वायत्तता मिळाल्यावर १९८२ च्या कौलात ‘सोडावे’ म्हटले, १ फेब्रुवारी १९८५ ला बाहेर. मुख्य वाद मासेमारीचा, लोकसंख्या पन्नास हजारांच्या घरात, तरी तीन वर्षे लागली. बाहेर पडतानाच माशांच्या निर्यातीवर जकातमाफी आणि त्या बदल्यात युरोपीय बोटींना मासेमारीचे परवाने, असा सौदा त्यांनी करून घेतला होता.