वाचकांचे प्रश्न : लहान गावातील उपाहारगृह

या वेळी निवडलेली पत्रे लहान गावांमधील स्वतंत्र, म्हणजे कोणत्याही मोठ्या साखळीची शाखा नसलेल्या उपाहारगृहांविषयी आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : कामानिमित्त मला अनोळखी लहान गावांमध्ये मुक्काम करावा लागतो. तेथे परिचित नावाचे उपाहारगृह नसते आणि इंटरनेटवर मोजके, परस्परविरोधी अभिप्राय असतात. आत गेल्यावर तेथील जेवण भरवशाचे आहे की नाही, हे कशावरून ओळखावे?

उत्तर : सर्वप्रथम मेन्यूकार्ड पाहावे आणि त्याची लांबी स्वयंपाकघराच्या आवाक्याशी ताडून पाहावी. कार्डावर शंभर पदार्थ असतील आणि आत दोन माणसे राबत असतील, तर प्रत्येक पदार्थासाठी लागणारा माल रोज ताजा आणणे त्यांना शक्य नसते. ज्या पदार्थाला आठवड्यातून एखादेच गिऱ्हाईक मिळते त्याचा माल गोठवून ठेवावा लागतो, नाहीतर एकाच मूळ सॉसला निरनिराळी नावे देऊन वेळ निभावावी लागते. याउलट कार्ड आखूड असेल आणि त्यातलेही एकदोन पदार्थ ‘आज संपले’ असे सांगण्यात आले, तर नाराज होऊ नये. माल बेताने आणला जातो आणि त्याच दिवशी खपतो, असाच त्याचा अर्थ बहुधा निघतो.

सजावटीवरून काहीच ठरवू नये. रिकाम्या टेबलांवरूनही घाईने निष्कर्ष काढू नये, कारण लहान गावात आठवड्याच्या मधल्या दिवशी चांगल्या उपाहारगृहातही शुकशुकाट असतो. मात्र पैसे घेणारे हात न धुता अन्नाला लागत आहेत का, टेबल पुसण्याचे फडके कसे आहे, प्रसाधनगृहाची काय अवस्था आहे, हे अवश्य पाहावे. त्यानंतर ‘तुमची खासियत कोणती?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय ताजे केले आहे?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर मिळते, तर दुसऱ्यासाठी वाढणाऱ्याला स्वयंपाकघरात काय चालले आहे हे ठाऊक असावे लागते. ‘ते आज नको, हे घ्या’ असे मोकळेपणाने सांगणारा माणूस भेटला, तर त्याचे ऐकावे.

प्रश्न : आम्ही दहा जण एका लहान उपाहारगृहात न कळवता गेलो. बरीच टेबले रिकामी असूनही जेवण यायला फार वेळ लागला आणि तेही सर्वांना एकाच वेळी मिळाले नाही. जागा रिकामी असताना एवढा विलंब का व्हावा?

उत्तर : उपाहारगृहाची क्षमता खुर्च्यांवर ठरत नाही, ती शेगड्यांवर आणि हातांवर ठरते. मोठ्या स्वयंपाकघरात कामे वाटलेली असतात. भाजण्याचे काम एकाकडे, सॉसचे दुसऱ्याकडे, थंड पदार्थांचे तिसऱ्याकडे, आणि सर्व घटक एकाच वेळी तयार होतील याकडे लक्ष ठेवणारा आणखी एक जण. ही विभागणी शिस्तबद्ध करण्याचे श्रेय फ्रेंच आचारी ऑग्युस्त एस्कॉफिए (१८४६–१९३५) यांना दिले जाते. लहान उपाहारगृहात हे सारे विभाग एकदोन माणसांच्या अंगावर असतात. दहा जणांनी दहा वेगळे पदार्थ मागितले की त्यांपैकी काही आधी होतात आणि काही मागे राहतात. आधी झालेले रोखून धरावे तर ते निवतात, पाठवावे तर पंगत विस्कळीत होते. दोष कोणाचाच नसतो.

अशा वेळी आदल्या दिवशी दूरध्वनी करून संख्या कळवावी आणि शक्य असल्यास चारपाच पदार्थच ठरवून सांगावेत. बेत रद्द झाला तर तेही तितक्याच तत्परतेने कळवावे. मोठ्या शहरात रिकामे राहिलेले टेबल दारावरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येते, लहान गावात तसे गिऱ्हाईक येईलच असे नाही आणि तुमच्यासाठी आणलेला नाशवंत माल वाया जातो.

प्रश्न : आमच्या गावात बरे म्हणावे असे एकच उपाहारगृह आहे. गेल्या वेळी जेवण निवलेले आले आणि एक पदार्थ करपलेला होता. मालक रोजच्या ओळखीचे असल्याने मी संकोचाने काही न बोलता बिल चुकते केले. घरी आल्यावर मुलगा नाव न देता इंटरनेटवर कडक अभिप्राय लिहू लागला, तेव्हा मी त्याला थांबवले. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?

उत्तर : मुलाला थांबवलेत हे योग्य केलेत. मात्र आपण गप्प राहिलात, ते योग्य झाले असे मला वाटत नाही.

निर्णय घेणारी व्यक्ती आपल्यापासून दहा पावलांवर उभी असते, हे स्वतंत्र उपाहारगृहाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे. साखळीतील शाखेत तक्रार वरच्या कार्यालयापर्यंत जाऊन उत्तर येण्यास दिवस लागतात. येथे तोच माणूस माल आणतो, पातेल्यात डोकावतो आणि बिलही करतो. पहिल्या दोन घासांतच आपण ‘हे निवले आहे आणि याला करपट वास येतो’ असे सांगितले असते, तर तो पदार्थ पुन्हा करून मिळाला असता आणि त्याच पातेल्यातून पुढच्या टेबलांवर जाणारे अन्नही थांबले असते. ताट संपवून केलेल्या तक्रारीचे मात्र कोणालाच काही करता येत नाही. बोलताना आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जाऊ देऊ नये, ‘तुमच्याकडे सगळेच बिघडले आहे’ असे सरसकट विधान करू नये, नेमका पदार्थ आणि नेमका दोष सांगावा. ओळखीच्या माणसाला हे सांगणे अवघड जाते, हे मान्य आहे. तरीही ज्याच्या चरितार्थाची आपल्याला काळजी आहे, त्याला त्याच्या कामातील उणीव तोंडावर सांगणे मी आपुलकीचेच समजतो.

अभिप्रायाचा परिणाम किती होतो, हेही मुलाला सांगावे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये असताना मायकेल लुका यांनी २०११ मध्ये मांडलेल्या अभ्यासात अमेरिकेतील सिएटल शहरातल्या उपाहारगृहांचे ‘येल्प’ या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरील तारे आणि त्यांचे उत्पन्न यांचा संबंध तपासला होता. एक तारा वाढला की उत्पन्नात ५ ते ९ टक्के वाढ होते, असे त्यात आढळले आणि हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांपुरताच होता, साखळीतील शाखांवर तो दिसला नाही. साखळीचे नाव लोकांना आधीच ठाऊक असते, स्वतंत्र उपाहारगृहाला मात्र अनोळखी माणसाच्या शब्दावरच नवे गिऱ्हाईक मिळते. लहान गावात तर आकडे फारच नाजूक असतात. एकूण १० अभिप्राय आणि सरासरी ४.५ तारे असताना कोणी एकच तारा दिला, तर सरासरी ४.२ पर्यंत घसरते. १००० अभिप्राय असलेल्या ठिकाणी त्याच एका ताऱ्याने जाणवेल असा फरकही पडत नाही.

याचा अर्थ वाईट कधीच लिहू नये असा नाही. समक्ष सांगूनही दाद मिळाली नाही, बिलात लबाडी झाली किंवा अस्वच्छता डोळ्यांनी पाहिली, तर जरूर लिहावे. तारीख, पदार्थ, काय घडले आणि मालक काय म्हणाले, हे सारे द्यावे आणि स्वतःचे नावही द्यावे. पोट बिघडले म्हणून मात्र लगेच शेवटच्या जेवणावर ठपका ठेवू नये. स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषाची लक्षणे अर्ध्या तासापासून आठ तासांत दिसतात, तर साल्मोनेला या जिवाणूच्या बाबतीत सहा तासांपासून सहा दिवसही लागू शकतात, त्यामुळे कारण कित्येकदा दोनतीन दिवसांपूर्वीच्या खाण्यात असते. संशय बळकट असेल, अनेकांना एकाच वेळी त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना आणि स्थानिक आरोग्य यंत्रणेला कळवावे. तपास करण्याचे अधिकार आणि साधने त्यांच्याकडे असतात.

आणि आणखी एक विनंती. या उपाहारगृहातून आपण आजवर समाधानाने उठला असालच. तेव्हा कोणी अभिप्राय लिहिला होता का? समाधानी माणसे लिहीत नाहीत, म्हणून तर एका नाराज माणसाच्या शब्दाला इतके वजन येते.

प्रश्न : माझ्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. लहान उपाहारगृहात मेन्यूकार्डावर घटकांची माहिती नसते. केवळ विचारणे पुरेसे आहे का?

उत्तर : विचारणे आवश्यक आहे, पण योग्य माणसाला आणि योग्य प्रश्न विचारायला हवा. ‘यात शेंगदाणे आहेत का?’ एवढ्यावर थांबू नये. तळण्याचे तेल तेच आहे का, वाटण्याचे भांडे तेच आहे का, डाव आणि चिरण्याचा पाट वेगळे आहेत का, सजावटीला काय वापरतात, हे प्रत्यक्ष रांधणाऱ्याकडून समजून घ्यावे. शिजवल्याने वा तळल्याने शेंगदाण्यातील ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिने निकामी होतात असे धरून चालू नये, आणि ताटातून दाणे वेचून काढल्यानेही ते अन्न सुरक्षित होत नाही. ‘तिला आवडत नाही’ असे न म्हणता ‘तिच्या जिवाला धोका आहे’ असे स्पष्ट सांगावे.

लहान स्वयंपाकघराची यातही एक अडचण आहे. जागाच अपुरी असल्याने वेगळी भांडी ठेवणे तेथे अवघड असते. ‘आम्ही खात्री देऊ शकत नाही’ असे उत्तर मिळाले तर तो उद्धटपणा समजू नये. असे सांगणाऱ्याचे आभार मानून दुसरीकडे जावे. ‘थोडेसे असेल तर चालेल ना?’ असे विचारणाऱ्याकडे मात्र काहीही घेऊ नये. तीव्र ॲलर्जीत तातडीने घ्यायचे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन डॉक्टरांनी जवळ बाळगायला दिलेले असेल तर ते गाडीत न ठेवता टेबलापाशी असावे.

प्रश्न : उरलेले अन्न बांधून घेणे प्रशस्त दिसते का?

उत्तर : निःसंकोच मागावे. अन्न टाकण्यात कोणाचीच प्रतिष्ठा नाही. वाढलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. म्हणून जेवणानंतर फिरायला जायचा बेत असेल तर बांधून घेऊ नये. सरळ घरी जाणार असाल तर पोहोचताच ते अन्न फ्रिजमध्ये ठेवावे आणि खाण्यापूर्वी केवळ कोमट न करता आतपर्यंत वाफाळेल असे, किमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत, गरम करावे.