झाडावर चढून फांद्या छाटायला हाताची करवत कोणती घ्यावी आणि तिची धार कशी टिकवावी?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बांधावर निंब, चिंच आणि बोरीची जुनी झाडं आहेत, सुताराकडून आणलेली करवत ओल्या फांदीत अडकते, आणि गावात जो तो म्हणतो की सरळ चेनसॉ घे. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात झाडं छाटायचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेनसॉ खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला उत्तम. झाडावर मात्र त्याला दोन्ही हात द्यावे लागतात, तोल सांभाळायला हात उरत नाही. पात्याचं टोक कुठे टेकलं तर तो झटक्यात तोंडावर उसळतो. मनगटापासून पोटरीएवढ्या फांदीपर्यंत चांगली हातकरवत सहज पुरते, आणि बांधावरच्या झाडांची बहुतेक छाटणी तेवढ्यातच बसते.

सुताराची करवत अडकणारच. ती सुक्या लाकडासाठी असते, ढकलताना कापते, दात बारीक असतात. ओल्या लाकडाचा चिकट भुसा त्या दातांत गच्च बसतो आणि पातं जागीच धरलं जातं. छाटणीची करवत ओढताना कापते. ओढताना पातं ताणलं जातं, म्हणून ते पातळ असूनही वाकत नाही. शिवाय फांदीवर उभं राहून किंवा दोराला लटकून ढकलायला अंगाचा जोर लावता येत नाही, ओढायला येतो. दुकानात करवत हातात घेतली की आधी दात बघा, त्यांची तोंडं मुठीकडे वळलेली हवीत.

वर चढणाऱ्याने किंचित वाकडं पातं घ्यावं. फांदी डोक्याच्या वर असो की गुडघ्याखाली, वाकड्या पात्याचे दात ओढताना आपोआप लाकडात रुततात. सरळ पातं छातीच्या उंचीवर, जमिनीवरून काम करताना बरं. लांबी ३०० ते ३३० मिलिमीटर ठेवा. फांदीच्या जाडीच्या दुप्पट पातं असलं की हात पूर्ण फिरतो आणि भुसा बाहेर पडतो. ओल्या निंबाला, चिंचेला मोठे दात हवेत, ३० मिलिमीटरमध्ये सहा ते आठ. त्याहून बारीक दात बोरीच्या, कागदी लिंबाच्या बोटभर फांद्यांना. घडीची करवत खिशात राहते, बोरीच्या छाटणीला मी तीच वापरतो. पण झाडावर ती उघडायला दुसरा हात लागतो, म्हणून वर जाताना कमरेला किंवा मांडीला बांधलेल्या म्यानात बसणारी न मिटणाऱ्या मुठीची करवतच न्या.

आता खरा मुद्दा. करवत घेण्याआधी स्वतःला विचारा की हिची धार गेली तर काय करणार? बाजारात दोन जातीच्या करवती आहेत. एकीच्या दातांची टोकं निळसर काळी दिसतात. ती विजेच्या झटक्याने तापवून कडक केलेली असतात. जपानच्या सिल्की कंपनीच्या करवती याच जातीच्या. धार खूप दिवस टिकते, पण कानस त्यावर घसरते, लागत नाही. धार गेली की पातं बदलायचं. म्हणून सुटं पातं मिळतं का, हे विचारल्याशिवाय अशी करवत घेऊ नका. दुसरी साध्या पोलादाची, दात शेवटपर्यंत एकाच रंगाचे. ती लवकर बोथट होते, पण कानशीने पुन्हा उभी राहते. माझ्या मते वर चढायला पहिली आणि खालच्या कामाला दुसरी. मातीत माखलेल्या बुंध्यावर, तार रुतलेल्या बांधाच्या खोडावर कडक दातांची करवत कधीच लावू नये. ते दात ठिसूळ असतात, खिळ्याला लागले की टवका उडतो.

साध्या करवतीची धार घरी लावता येते. पातं दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून वाइसमध्ये आवळा, दात जेमतेम वर राहतील इतकं. उजेडाकडे तोंड करून बघा, बोथट दाताच्या टोकावर पांढरा ठिपका चमकतो. धारदार टोक चमकत नाही. आधी सपाट कानस सगळ्या दातांवरून लांबीने हलकेच एकदा फिरवा, म्हणजे उंची सारखी होते. मग एक दात सोडून एक असे एका बाजूचे दात घासा, पातं फिरवून उरलेले. साध्या त्रिकोणी दातांना तिकोनी कानस, उंच आणि अरुंद दातांना पातळ, धारेच्या कडांची कानस. प्रत्येक दाताला सारखेच हात द्या, आणि कानस फक्त पुढे जाताना दाबा. ठिपका गेला की थांबा. जास्त घासलं तर दात आखूड होतो आणि त्या जागी करवत उड्या मारते. भुशावरूनही कळतं. धारदार करवतीतून शेवयांसारखे लांबट तंतू पडतात, बोथटमधून पीठ.

आणि हे नीट वाचा, कारण यात लोकांचे पैसे वाया जातात. ‘धार गेली’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या करवतींपैकी कितीतरी नुसत्या चिकाने माखलेल्या असतात. निंबाचा डिंक, आंब्याचा चीक पात्यावर वाळला की तपकिरी थर बसतो आणि पातं लाकडात घासायला लागतं. जुन्या दातब्रशने रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावा, दहा मिनिटं ठेवा, मुठीकडून टोकाकडे फडक्याने पुसा. कोरडं झालं की मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. जवसाचं तेल नको, ते वाळून चिकटतं. पावसाळ्यात ओली करवत म्यानात घालून ठेवू नका, एका रात्रीत गंज धरतो. डाळिंबाच्या तेल्या रोगाच्या बागेत काम केलं असेल तर प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटने पुसा. ब्लीचिंगचं पाणीही चालतं, पण त्याने लोखंड खातं, लगेच धुऊन तेल लावावं लागतं.

पातं मोडतं किंवा वाकतं ते बहुतेक वेळा फांदीने चिमटल्यावर. तेव्हा हिसका देऊ नका. फांदीचा भार दुसऱ्या हाताने किंचित उचला आणि पातं ओढण्याच्या दिशेने सरकवा.

जड फांदी तीन कापांत काढा. खोडापासून वीतभर दूर खालून एक तृतीयांश काप, त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण काप, आणि मग उरलेला खुंट. यामुळे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. खुंट काढताना फांदीच्या मुळाशी जो फुगीर वळसा असतो तो वाचवा. अमेरिकेतल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत घालतं. ती भिंत त्या वळशातून उभी राहते. आंबा आणि कागदी लिंबाच्या मोठ्या कापावर आमच्याकडे बोर्डो पेस्ट लावतात. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर.

वेळही बघा. मेहरूणच्या बोरांमुळे बोरीची छाटणी जळगावात सगळ्यांना ठाऊक आहे, ती एप्रिल-मेमध्ये, झाड झोपलेलं असताना. पण त्याच उन्हात निंब किंवा आंबा मोकळा केला तर आजवर सावलीत राहिलेली साल भाजून फाटते. आंबा फळं उतरल्यावर छाटा.

चढताना स्वतःला दोन ठिकाणी बांधून घ्या, मगच करवत काढा. ताणलेला दोर करवतीच्या एका स्पर्शाने तुटतो, म्हणून पातं आणि दोर एका रेषेत येऊ देऊ नका. मोकळा हात कापापासून हातभर लांब आणि हातमोज्यात. कापाच्या सुरुवातीला करवत उसळते आणि त्या हातालाच लागते. शेवग्यावर आणि जांभळाच्या बारीक फांद्यांवर चढूच नका, ती लाकडं न सांगता मोडतात. आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी झाड सोडून द्या.

गाव नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली आधी परवानगी घ्या. आणि तारेला टेकलेली किंवा तारेच्या जवळची फांदी असेल तर खालून लांब काठीची करवतही लावू नका, ॲल्युमिनियमची काठी वीज थेट हातात आणते. महावितरणला १९१२ वर फोन करा, लाइन बंद करून घ्या, आणि लाइनमन स्वतः तिथे येऊन हो म्हणेपर्यंत झाडावर चढू नका, झाडापासून लांबच थांबा.